झिजलेल्या जुन्या नाण्याची ओळख आणि त्याचे मोल

गोव्यातील जुन्या घरांत नाणी सापडण्याच्या जागा ठरलेल्या असतात. देवघरातील पितळी डबी, आजीच्या पेटीतील कापडाची पुरचुंडी, तुळशीवृंदावनाची डागडुजी करताना उकललेला चौथरा आणि कुळागरात माडासाठी खणलेला खड्डा या त्यांतल्या नेहमीच्या. हाती येणारे नाणे बहुधा इतके झिजलेले असते की त्यावरचे अक्षर लागत नाही, चेहरा ओळखू येत नाही आणि धातू कोणता हेही एका नजरेत सांगता येत नाही. अशा वेळी घरातल्यांचा पहिला प्रश्न ‘याचे किती मिळतील?’ हा असतो. तो स्वाभाविक आहे, परंतु त्याचे उत्तर दुसऱ्या क्रमांकावरच देता येते. नाणे कोणत्या राजवटीचे, कोणत्या मूल्याचे आणि कोणत्या धातूचे आहे हे ठरल्याशिवाय सांगितलेली कोणतीही किंमत हा केवळ अंदाज असतो, आणि अशा अंदाजाचा लाभ बहुतेक वेळा विकत घेणाऱ्यालाच होतो.

ओळख पटवण्यापूर्वी एक गोष्ट आग्रहाने सांगितली पाहिजे. नाणे घासू नये. आपल्याकडे तांब्या-पितळेची भांडी चिंचेने, सोलांनी किंवा राखेने लख्ख करण्याची रीत आहे आणि जुने काळवंडलेले नाणे दिसताच हात आपोआप तिकडेच वळतो. चिंच आणि सोले यांतील आम्ल तांब्यावरचा जुना थर काढून टाकते, राख आणि रांगोळी उरलेल्या उठावावर बारीक ओरखडे पाडतात, आणि जे अक्षर भिंगाखाली वाचता आले असते ते कायमचे जाते. शेकडो वर्षांत तयार झालेला गडद तपकिरी किंवा हिरवट, गुळगुळीत आणि घट्ट थर हे धातूचे संरक्षक कवच असते. संग्राहक त्याच्यासाठी पैसे मोजतात आणि घासून चकचकीत केलेले नाणे बाजूला सारतात. माती चिकटलेली असेल तर नाणे शुद्ध केलेल्या पाण्यात, म्हणजे बॅटरीत घालतात तशा डिस्टिल्ड वॉटरमध्ये, काही दिवस बुडवून ठेवावे, पाणी बदलत राहावे आणि सुटेल तेवढीच माती मऊ ब्रशने काढावी. नाण्यावर फिकट हिरवी, बोटाला लागणारी पूड दिसत असेल तर मात्र तो संरक्षक थर नव्हे. क्षारांमुळे तांबे आतून खाल्ले जात असल्याची ती खूण आहे. समुद्रकाठच्या दमट हवेत हा रोग झपाट्याने वाढतो, म्हणून असे नाणे इतरांपासून वेगळे आणि कोरडे ठेवून जाणकाराला दाखवावे.

चित्र गेले तरी उरते ते

झिजलेल्या नाण्याबाबत लोकांची निराशा होते, कारण ते नाण्याकडे चित्र म्हणून पाहतात. परंतु चित्र आणि अक्षरे ही नाण्याची केवळ वरची त्वचा आहे. वजन, व्यास, जाडी, कड आणि धातू या गोष्टी टांकसाळीने ठरवून दिलेल्या असतात आणि त्या झिजेनंतरही बऱ्याच प्रमाणात टिकतात. त्यामुळे तपासाची सुरुवात भिंगाने न करता वजनकाट्याने करावी. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा डिजिटल काटा आता स्वस्तात मिळतो, आणि तो नसेल तर ओळखीच्या सोनाराकडे वजन करून घेता येते. व्यास मिलिमीटरमध्ये मोजावा आणि नाणे पूर्ण गोल नसेल तर दोन दिशांनी मोजावा. कड साधी आहे की कंगोरेदार आहे हे पाहावे, कारण नाण्याची कड हातांत आणि खिशांत सर्वांत आधी झिजत असली तरी कंगोऱ्यांचे काही अवशेष कुठे ना कुठे राहतातच.

धातूसाठी चुंबक ही पहिली, अगदी ढोबळ चाचणी आहे. सोने, चांदी, तांबे, कथील, शिसे, जस्त आणि तांबे-निकेलचे मिश्रण यांपैकी काहीही चुंबकाला चिकटत नाही. जुने म्हणून दिलेले नाणे चिकटले तर ते लोखंडावर मुलामा दिलेली नक्कल असण्याची शक्यता मोठी असते. खरी उपयोगाची चाचणी पाण्यातल्या वजनाची आहे. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा आणि नाणे बारीक दोऱ्याने त्या पाण्यात अशा रीतीने लोंबते धरावे की ते पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा बाजूंना टेकणार नाही. काटा जो आकडा दाखवतो तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन असतो. नाण्याच्या कोरड्या वजनाला या आकड्याने भागले की धातूची घनता मिळते. तांब्याची घनता साधारण ८.९, कथलाची ७.३, शिशाची ११.३, शुद्ध चांदीची १०.५ आणि शुद्ध सोन्याची १९.३ असते. या एका भागाकाराने सोनेरी दिसणारे पितळ आणि सोने यांतील, किंवा पांढरे दिसणारे तांबे-निकेल आणि चांदी यांतील फरक कागदावर येतो आणि नाण्याला ओरखडाही पडत नाही. कसोटीच्या दगडावर नाणे घासून पाहण्याची मात्र काहीही गरज नाही.

यानंतर प्रकाश. अंधाऱ्या खोलीत नाणे काळ्या कापडावर ठेवावे आणि मोबाइलच्या टॉर्चचा उजेड वरून न टाकता जवळजवळ जमिनीलगत, बाजूने टाकावा. सपाट वाटणाऱ्या पृष्ठभागावर जो केसाएवढा उठाव राहिलेला असतो, त्याची सावली पडते आणि अक्षरांच्या दांड्या, मुकुटाची रेघ, सनाचा एखादा आकडा वर येतो. नाणे थोडे थोडे फिरवत सात-आठ छायाचित्रे घेतली तर एका छायाचित्रात न दिसलेले अक्षर दुसऱ्यात सापडते. जाणकाराला दाखवण्यासाठीही हीच छायाचित्रे, दोन्ही बाजूंची आणि कडेची, शेजारी मोजपट्टी ठेवून आणि वजन लिहून द्यावीत. वजनाशिवाय पाठवलेल्या अंधुक छायाचित्रावरून प्रामाणिक माणूस काहीच सांगू शकत नाही.

गोव्याच्या मातीत काय सापडू शकते

गोव्यात एखाद्या नाण्याची ओळख पटवणे महाराष्ट्रातील ठिकाणांपेक्षा थोडे वेगळे आणि अधिक मनोवेधक असते, कारण येथे कदंब, बहमनी, विजयनगर, आदिलशाही, मराठे, पोर्तुगीज आणि शेजारचे ब्रिटिश हिंदुस्थान या सर्वांची चलने एकामागून एक आणि पुष्कळदा एकाच वेळी हातांतून फिरली.

गोव्याच्या कदंबांची सोन्याची नाणी हा या प्रदेशाचा अभिमान आहे. त्यांवर पंजा उचललेला सिंह असतो, आणि बाराव्या शतकातील शिवचित्त परमाडिदेवाच्या नाण्यांवर ‘श्री सप्तकोटीश्वर लब्ध वर प्रसाद’ असा मुद्रालेख आढळतो. ज्या सप्तकोटीश्वराचे देऊळ पुढे १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी नार्वे येथे पुन्हा उभारवले, तेच हे दैवत. अशा नाण्याचा झिजलेला तुकडाही मोलाचा असतो, आणि नेमक्या त्याच कारणाने त्याच्या नकलाही होतात. सोन्याची घनता आणि सिंहाची ठेवण या दोन्ही गोष्टी जुळल्याशिवाय आनंद मानू नये.

विचित्र आकारामुळे फेकून दिली जाणारी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. चांदीची जाड तार मधोमध दुमडून तिच्यावर ठसा मारलेली ‘लारी’ ही कोकण किनाऱ्यावर चालत असे आणि आदिलशाहीनेही ती पाडली होती. केसांचा आकडा किंवा मोडक्या दागिन्याचा भाग समजून ती मोडीत जाते. दुमडलेल्या तारेवर चपटा भाग आणि त्यावर फारसी अक्षरांचे तुटक फराटे दिसले, तर तो तुकडा सोनाराच्या मुशीत जाण्यापासून वाचवावा.

शिवराईविषयी लोकांची अपेक्षा सर्वांत मोठी असते, म्हणून स्पष्ट लिहितो. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असलेले तांब्याचे प्रत्येक नाणे शिवाजी महाराजांच्या हयातीतले नसते. त्यांच्यानंतर दीर्घकाळ, अनेक टांकसाळींत त्याच मजकुराच्या शिवराया पाडल्या गेल्या आणि त्या आजही मोठ्या संख्येने उपलब्ध आहेत. आधीच्या शिवराया सहसा वजनाने जड असतात आणि त्यांच्यावरील अक्षरांची ठेवण वेगळी असते. हा फरक ओळखण्यासाठी अनुभवी डोळा लागतो. सर्वसाधारण शिवराईची किंमत थोडी असते म्हणून ती जपण्याजोगी नाही असे मात्र कोणी समजू नये.

पोर्तुगीज नाण्यांकडे वळताना थोडे थांबावे लागेल, कारण गोव्यातील घरांत सापडणाऱ्या नाण्यांपैकी बरीच त्यांची असतात आणि त्यांच्या खुणा झिजेतही आश्चर्यकारक रीतीने टिकतात. पोर्तुगीज सेनानी आफोंसो द आल्बुकेर्क याने १५१० मध्ये गोवा जिंकल्यावर त्याच वर्षी येथे टांकसाळ सुरू केली आणि सोने, चांदी व तांबे या तिन्ही धातूंची नाणी पाडली. त्यांतील चांदीच्या नाण्यावर कड्यांचा खगोल, म्हणजे एकात एक अडकवलेल्या कड्यांनी दाखवलेला आकाशगोल, होता. पुढे सतराव्या-अठराव्या शतकांत बाजारातील सुट्या व्यवहारासाठी ‘बझारुक’ हे हलके नाणे चालले. ते कधी तांब्याचे, कधी कथलाचे, कधी शिशाचे तर कधी जस्तासारख्या धातूचे असे, आणि काही प्रकार ठसा मारून नव्हे तर साच्यात ओतून केलेले असत. ही बाब महत्त्वाची आहे, कारण एरवी ओतीव नाणे दिसले की ते बनावट समजले जाते. बझारुकावर पोर्तुगालची ढाल, क्रूस किंवा संत कातेरिनाचे चाक दिसते. गोवा तिच्या सणाच्या दिवशी, २५ नोव्हेंबरला, पोर्तुगिजांच्या हाती गेला म्हणून ते चाक येथल्या नाण्यांवर आले. ढालीच्या दोन बाजूंना ‘जी’ आणि ‘ए’ ही रोमन अक्षरे असतील तर नाणे गोव्याचे, ‘डी’ आणि ‘ओ’ असतील तर दीवचे.

पोर्तुगालच्या राजचिन्हातील ढाल नीट समजून घेतली तर अर्धे काम होते. तिच्या मध्यभागी पाच लहान ढाली क्रूसाच्या आकारात मांडलेल्या असतात, प्रत्येक लहान ढालीवर पाच ठिपके असतात आणि भोवतीच्या पट्ट्यात सात किल्ले असतात. नाणे झिजले की किल्ले आधी पुसले जातात, पण मधल्या पाच ढाली पाच फुगवट्यांच्या रूपाने राहतात. बाजूच्या उजेडात हे पाच फुगवटे दिसले की नाणे पोर्तुगीज आहे हे जवळजवळ ठरते. त्यानंतर वर पाहावे. ढालीवर राजमुकुट असेल तर नाणे राजेशाहीचे, म्हणजे १९१० च्या आधीचे आहे. पोर्तुगालमध्ये ५ ऑक्टोबर १९१० रोजी प्रजासत्ताक आले आणि मुकुट गेला. मुकुट नसून ढालीमागे कड्यांचा गोल असेल तर नाणे त्यानंतरचे आहे. १८१६ ते १८२६ या राजा सहाव्या झुआंवच्या काळात खगोल आणि मुकुट दोन्ही एकत्र येतात, एवढा अपवाद ध्यानात ठेवावा.

अक्षरांचे तुकडेही असेच बोलके असतात. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत राजांची नावे लॅटिन रूपात लिहिली जात. झुआंवचा ‘योआन्नेस’, जुझेचा ‘योसेफुस’, पेद्रूचा ‘पेत्रुस’ आणि लुईशचा ‘लुदोविकुस’ होई. त्यामुळे ओळीच्या शेवटी दोन ‘एन’ आणि ‘ई-एस’ एवढेच शिल्लक असतील तर योआन्नेस, ‘टी-आर-यू-एस’ दिसत असेल तर पेत्रुस, असा शोध घेता येतो. पाचवा पेद्रू १८५३ ते १८६१ आणि पहिला लुईश १८६१ ते १८८९ राजा होता, म्हणजे चार अक्षरांवरून नाण्याचा काळ काही वर्षांच्या आत आणता येतो. ओळीच्या अखेरीस ‘रेजिना’ हा शब्द दिसला तर राणी मारिया, आणि मग पहिली की दुसरी एवढाच प्रश्न उरतो.

गोव्याची स्वतःची टांकसाळ एकोणिसाव्या शतकात जुन्या गोव्याहून पणजीला आली. पणजीच्या टपाल कार्यालयाजवळची ‘काझा द मुएदा’ ही वास्तू त्याची साक्ष आहे. ही टांकसाळ १८६९ मध्ये बंद झाली. पुढे ब्रिटिशांशी झालेल्या करारानुसार १८८१ आणि १८८२ या वर्षांची रुपयाची नाणी ब्रिटिश हिंदुस्थानातील टांकसाळीत, ब्रिटिश रुपयाच्याच मापाने पाडली गेली. येथे झिजलेल्या नाण्याची खरी परीक्षा सुरू होते.

एक नाणे, जवळून

समजा, हाती आलेले नाणे पांढरट-काळे, साधारण तीस मिलिमीटर व्यासाचे आहे आणि त्याचे वजन ११.२ ग्रॅम भरते. दोन्ही बाजू जवळजवळ सपाट आहेत. पाण्यातल्या चाचणीत काटा १.०८ दाखवतो. भागाकार १०.३ च्या आसपास येतो, म्हणजे तांब्याचा थोडा अंश असलेली चांदी. तांबे-निकेल असते तर काट्यावर साधारण १.२५ दिसले असते. नवा असताना ब्रिटिश रुपया ११.६६ ग्रॅमचा होता आणि त्यात ९१.७ टक्के चांदी होती, तेव्हा अर्ध्या ग्रॅमची झीज धरली तर वजन जुळते. परंतु नेमके हेच माप लुईशच्या १८८१-८२ च्या गोव्याच्या रुपयाचेही आहे. वजन, व्यास आणि धातू येथे दोघांत भेद करू शकत नाहीत.

आता बाजूचा उजेड घ्यावा. चेहऱ्याची बाजू पाहताना डोळे-नाक शोधत बसू नये, ते सर्वांत उंच असल्यामुळे आधी गेलेले असते. डोक्याची आणि मानेची बाह्यरेषा पाहावी. व्हिक्टोरियाच्या अर्धपुतळ्याच्या डोक्यावर मुकुट आहे आणि खाली भरजरी वस्त्र खांद्यापर्यंत उतरते. लुईशचे डोके उघडे आहे आणि मान खाली वस्त्राशिवाय संपते. दुसऱ्या बाजूस व्हिक्टोरियाच्या रुपयावर फुलापानांची नक्षी आणि तिच्या आत मधोमध आडव्या ओळींत मूल्य असते. लुईशच्या रुपयावर मधोमध मुकुटाखालची ढाल असते आणि ‘इंडिया पोर्तुगेझा’ हा मजकूर कडेने फिरतो. म्हणजे मध्यभागी अक्षरांचे अवशेष असतील तर ब्रिटिश, आणि मध्यभागी पाच फुगवटे असतील तर पोर्तुगीज. दोन्ही बाजू इतक्या गेल्या असतील की हेही ठरत नाही, तर ते नाणे चांदीच्या भावानेच जाईल, आणि तसे ते गेले तर कोणी फसवले असे समजू नये.

याच जागी किमतीचा तळ कसा काढायचा तेही पाहू. ११.६६ ग्रॅमच्या पूर्ण नाण्यात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते. हिशेबाच्या सोयीसाठी चांदी शंभर रुपये ग्रॅम धरली तर केवळ धातूचे सुमारे १०७० रुपये होतात. प्रत्यक्ष भाव त्या दिवशीचा घ्यावा. १९४७ सालचा गोव्याचा रुपया बारा ग्रॅमचा असला तरी त्यात चांदी निम्मीच, म्हणजे सहा ग्रॅम आहे, आणि १९५२ सालच्या रुपयात चांदी मुळीच नाही, तो तांबे-निकेलचा आहे. पाच वर्षांच्या अंतराने पाडलेली ही दोन नाणी एकाच डबीत एकत्र पडलेली असतात आणि घरातले त्यांना एकच समजतात. १९५८ पासून एस्कुदो या पोर्तुगीज चलनाची नाणी आली, सहा एस्कुदोंचा एक रुपया या दराने. १९६१ च्या मुक्तीनंतर ती चलनातून गेली, परंतु घराघरांत राहिली. ती आठवण म्हणून मोलाची आहेत. दुर्मीळ म्हणून त्यांची जाहिरात करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

दुर्मीळ कशाला म्हणावे

जुने असणे आणि दुर्मीळ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुर्मीळ असणे व महाग असणे याही वेगळ्याच. किती नाणी पाडली, त्यांपैकी किती वितळवली गेली आणि किती आज शिल्लक आहेत, यावर दुर्मीळता ठरते. त्या दुर्मीळतेसाठी पैसे देणारे संग्राहक किती आहेत, यावर किंमत ठरते. एखाद्या बझारुकाचे जगात मोजकेच नमुने असतील, परंतु तो जमवणारेही मोजकेच असतील, तर त्याची किंमत एखाद्या लोकप्रिय चांदीच्या रुपयापेक्षा कमी असू शकते.

स्थितीच्या दर्जाबाबतही असेच भान ठेवावे लागते. लिलावांत वापरल्या जाणाऱ्या श्रेण्यांमध्ये ‘गुड’ ही श्रेणी खूप झिजलेल्या, केवळ बाह्यरेषा उरलेल्या नाण्याला देतात. तिच्यावर ‘फाइन’, ‘व्हेरी फाइन’, ‘एक्स्ट्रीमली फाइन’ आणि शेवटी चलनात न आलेले नाणे. सामान्य प्रकारच्या नाण्यात एका श्रेणीचा फरक किंमत कित्येक पटींनी बदलतो, कारण ग्राहकाला त्याच प्रकारचे अधिक चांगले नाणे सहज मिळते. कथलाच्या किंवा शिशाच्या बझारुकांबाबत मात्र हा नियम सैल होतो. ती मऊ धातूची, दमट जमिनीत खराब होणारी नाणी असल्यामुळे जवळजवळ सर्वच वाईट अवस्थेत मिळतात, आणि संग्राहकही त्या अवस्थेतच ती स्वीकारतात. ओळख पटण्याजोगे एक चिन्ह शिल्लक असणे तेथे पुरेसे असते. झिजलेल्या नाण्याच्या मालकाने आपल्या नाण्याची तुलना करताना त्याच प्रकारचे इतर नमुने सहसा कोणत्या अवस्थेत मिळतात हे पाहावे. एखाद्या नव्याकोऱ्या नाण्याला लिलावात मिळालेला आकडा पाहून स्वप्ने बांधू नयेत.

काही इजा किंमत घटवतात आणि काही वाढवतात. दागिन्यासाठी पाडलेले भोक, डाख लावून बसवलेली आणि नंतर तोडलेली कडी, कडेला घातलेली कानस या सर्वांनी किंमत खाली येते. सराफाने चांदी तपासण्यासाठी मारलेल्या बारीक खुणा मात्र त्या काळच्या व्यवहाराचा पुरावा असतात आणि त्यांच्यासह नाणे स्वीकारणारे संग्राहक आहेत. मुकुट आणि त्याखाली ‘पी’ व ‘एम’ ही अक्षरे असा छोटा ठसा एखाद्या हिंदुस्थानी रुपयावर दिसला तर त्याला ओरखडा समजू नये. १८८९ मध्ये मोझांबिकच्या पोर्तुगीज प्रशासनाने परकीय चांदीच्या नाण्यांना आपल्या प्रांतात चालवण्यासाठी असा ठसा मारला होता. गोव्यातील कितीतरी कुटुंबांतील माणसे नोकरीधंद्यासाठी मोझांबिकला जात, तेव्हा असे नाणे त्यांच्याबरोबर परत येणे मुळीच अशक्य नाही. खोटे ठसेही मारले जातात हे खरे, म्हणून तो तज्ज्ञाला दाखवावाच.

सोन्याच्या पुतळ्यांबाबत, म्हणजे पुतळीच्या माळेत ओवलेल्या नाण्यांबाबत, एक वेगळी सूचना. व्हेनिसची डुकाट ही साडेतीन ग्रॅमची जवळजवळ शुद्ध सोन्याची नाणी पश्चिम किनाऱ्यावर व्यापारातून आली आणि माळांत ओवली गेली. त्यांवर उभा संत आणि त्याच्यासमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा शासक असतो, तर दुसऱ्या बाजूस ताऱ्यांच्या लंबगोलात उभा ख्रिस्त. येथल्या सोनारांनी त्यांच्या हुबेहूब धाटणीच्या पुतळ्या घडवल्या, ज्यांवर लॅटिन अक्षरांच्या जागी निरर्थक रेघा येतात. अक्षरे वाचता येतात की नाही, एवढे भिंगाने पाहिल्यास मूळ आणि स्थानिक यांतील भेद पुष्कळदा कळतो. दोन्हींत सोने खरे असते, परंतु मूळ डुकाटवर शासकाचे नाव असल्यामुळे तिचा काळ सांगता येतो.

विकण्याची वेळ

किंमत पाहताना विक्रेत्याने मागितलेला आकडा आणि ग्राहकाने प्रत्यक्ष दिलेला आकडा यांत भेद करावा. संकेतस्थळांवर कोणीही एका पैशाच्या नाण्यापुढे लाखाचा आकडा टाकू शकतो. विश्वसनीय असते ती लिलावगृहांच्या संपलेल्या लिलावांतील विक्रीची किंमत, आणि तीतूनही ग्राहकाने वर भरलेले अधिमूल्य व विक्रेत्याने दिलेले कमिशन वजा करून हाती काय पडते ते पाहावे. जुन्या नाण्याच्या बदल्यात मोठी रक्कम देतो, त्यासाठी आधी शुल्क किंवा कर भरा, असे कोणी रिझर्व्ह बँकेच्या नावाने सांगत असेल तर ती उघड फसवणूक आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये याविषयी जाहीर इशारा दिला असून आपण अशा व्यवहारांत नाही आणि आपल्या वतीने शुल्क घेण्याचा अधिकार कोणालाही दिलेला नाही, असे तिने स्पष्ट केले आहे.

ओळखीसाठी पणजीचे राज्य वस्तुसंग्रहालय, राज्याचे पुरातत्त्व खाते आणि जुन्या गोव्यातील पुरातत्त्व संग्रहालय ही जवळची ठिकाणे आहेत. तेथे बाजारभावाची अपेक्षा न ठेवता नाणे कोणते एवढेच विचारावे. किमतीसाठी किमान दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचे मत घ्यावे, आणि ज्याला ओळख विचारली त्यालाच त्याच बैठकीत नाणे विकू नये.

नाणे जमिनीतून निघाले असेल तर कायदा वेगळा आहे. १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. त्याच वेळी नाणे कोणत्या जागी, किती खोलीवर आणि कशाबरोबर सापडले, हे लिहून ठेवावे. मडक्याचा तुकडा किंवा शेजारचे दुसरे नाणे यांवरून अभ्यासकाला जे कळते ते एकट्या, धुऊन पुसून आणलेल्या नाण्यावरून कळत नाही, आणि ही माहिती एकदा हरवली की कोणत्याही प्रयोगशाळेत परत मिळत नाही.

शेवटची बाब खास गोवेकरांसाठी आहे, कारण आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक पोर्तुगालमध्ये आहेत आणि पोर्तुगीज हिंदुस्थानातील नाण्यांना तिकडे चांगले ग्राहक मिळतात, हे त्यांच्याकडून आपल्याला कळते. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते. ती खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, टपालानेही नाही आणि सुट्टीला आलेल्या भावाच्या बॅगेतूनही नाही. लुईशचा १८८१ चा, राजा कार्लुशचा १९०३ चा आणि प्रजासत्ताकाचा १९१२ चा रुपया या मर्यादेत येतात. १९४७ चा आणि १९५२ चा येत नाहीत. म्हणून लिस्बनच्या एखाद्या ग्राहकाने देऊ केलेली रक्कम कितीही मोठी असली तरी प्रथम नाण्यावरील सन वाचावा. तो झिजून गेला असेल, तर मुकुट आहे की नाही हे पाहिल्याशिवाय पाकीट बंद करू नये, कारण राजमुकुटाखालची ढाल असलेले गोव्याचे प्रत्येक नाणे आज शंभरी ओलांडून गेलेले आहे.